बायपोलर असताना इगतपुरीच्या शिबिराला जावं का?

वऱ्हाडची_बाई:
नमस्कार. मी अकोल्यात शिक्षिका आहे. मागच्या वर्षी बायपोलर टाइप २ या मनाच्या आजाराचं निदान झालं, लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत. आधीपेक्षा बरंच बरं वाटतं, पण मन अजून वरखाली होतंच. मध्येच अंगात नुसता उत्साह संचारतो, रात्री दोनला कपाट आवरायला घेते, मोबाइलवर साड्या मागवत सुटते. मग एकदम सगळं बसतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून डोळे पुसावे लागतात. सासूबाई म्हणतात, जन्मभर गोळ्या खाणार का, विपश्यना कर. मे महिन्यात इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात १० दिवस जायचा विचार आहे. कुणी केलंय का? मला खरंच शांतता हवी आहे.

गोदाकाठ:
ताई, मी नाशिकची. कॉलेजपासून हाच आजार, हेच औषध. माझं स्पष्ट मत, सध्या जाऊ नका. विपश्यना वाईट म्हणून नव्हे. माझ्या वडिलांना तिचा फार फायदा झाला. पण तिथला दिनक्रम बघा. पहाटे ४ ला घंटा, दिवसाला साधारण १० तास ध्यान, मौन, घरच्यांशी संपर्क नाही. आपल्या आजारात झोप कमी होणं हेच उत्साहाचा चढ सुरू व्हायला पुरेसं असतं, आणि तिथे तो ओळखणारं आपलं माणूस जवळ नसतं. अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, ते लपवू नका. गोळ्या तर स्वतःहून मुळीच थांबवू नका; लिथियम एकदम सोडलं की आजार उलटायचा धोका फार.

मला शांतता मिळाली ती ठरलेल्या वेळांमुळे. रोज एकाच वेळी उठणं, रविवारीसुद्धा. पहिला चहा आईसोबत, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जेवण आणि दिवे मालवणं ठरल्या वेळी. गणपतीच्या मिरवणुकीला जाते, पण दहाला घरी परत. नातेवाईक नावं ठेवतात, ठेवू देत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहिते: झोपेचे तास, आणि मन उणे ३ ते अधिक ३ मध्ये कुठे आहे ते. झोप कमी होऊनही थकवा नसेल, तर माझा भाऊ डॉक्टरांना फोन करतो आणि माझं डेबिट कार्ड स्वतःकडे ठेवतो. हे मी बरी असतानाच आम्ही बसून ठरवलंय. त्या दिवसांत मला त्याचा राग येतो, तरी तो ऐकत नाही, आणि ते मला हवं आहे.

ध्यानाची ओढ असेल तर डॉक्टरांना विचारून घरीच १० मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बघा.

मेडिकलवाला_दादा:
माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून एवढंच सांगतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. त्यामुळे निर्जळी उपवास नको, मीठही एकदम तोडू नका. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नका, त्यानेही पातळी चढते. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात. सकाळची गोळी असेल तर रक्त दिल्यावर घ्यायची. किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्याही चुकवू नका.

वऱ्हाडची_बाई:
दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली. गोदाकाठताई, भावाला हे सगळं कसं पटवलंत? आमच्याकडे ह्यांना अजून वाटतं की हा माझा स्वभावच आहे.

गोदाकाठ:
मी नाही पटवलं, डॉक्टरांनी पटवलं. पुढच्या भेटीला ह्यांना सोबत न्या आणि कपाटाची ती रात्र त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगा. मधल्या काळात अवघड वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, २४ तास आणि मोफत. मराठीत बोलता येतं, घरच्यांनाही फोन करता येतो.