यजमानांना दाखवायचं कुठे, वाईत की पुण्यात?

कृष्णाकाठ
हे 78 वर्षांचे, मी 73. यांना वीस वर्षांपासून शुगर, बीपी आणि आता गुडघेही. इतकी वर्षं वाईतल्या एकाच डॉक्टरांकडे जात होतो. हे दारात चपला काढतानाच डॉक्टर विचारायचे, "काका, पाय सुजलेत का?" दिवाळीनंतर त्यांनी वयोमानाने दवाखाना बंद केला.

मुलाच्या आग्रहाने पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. पहाटे पाचला निघालो, रक्त द्यायचं म्हणून हे उपाशीपोटी. नंबर लागला साडेबाराला. डॉक्टर पाच मिनिटं बोलले, तेही मुलाशीच. यांना ऐकू कमी येतं, पण कळतं सगळं. घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

ग्रामीण रुग्णालय घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मुलाला सरकारी दवाखान्याचा भरवसा वाटत नाही. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय, ते ओपीडीला चालतं का?

माजी_सिस्टर
ताई, ते कार्ड अॅडमिट झाल्यावरच, वर्षाला 5 लाखांपर्यंत. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. पण आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत.

दर महिन्याचं जवळच दाखवा. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, बंद केलेल्यासुद्धा. दोन डॉक्टरांची एकच गोळी दोन नावांनी चालू असलेले कितीतरी आजी-आजोबा मी नोकरीत पाहिले. तीन महिन्यांची सरासरी शुगर बघायला सांगा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन आणि तळपाय तपासून घ्या. पडद्यासाठी हवं तर पुण्याला जा. आणि शुगरची गोळी घेऊन कधीही उपाशी बसवू नका, त्यांची शुगर एकदम उतरू शकते.

हडपसरचा_मुलगा
काकू, मीही वडिलांना असाच ओढत इकडे आणायचो. आता ते सांगलीतच दाखवतात आणि मी त्या वेळी फोनवर असतो. आधी एवढं बघून या: पायऱ्या किती, बसायला बाक आहे का, संडास कमोडचा आहे का. आमचे बाबा संडासाच्या धास्तीने सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत. पडद्यासाठी पुण्याला आलात तर काकांना एसटी मोफत, 75 पूर्ण झालीत ना!

कृष्णाकाठ
काल ग्रामीण रुग्णालयात जाऊन आलो. गर्दी होती, तासभर बसलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. खुर्ची पुढे ओढून तिने यांच्याच कानाशी विचारलं, "आजोबा, रात्री किती वेळा उठता? कधी तोल जातो का?" तेव्हा हे म्हणाले, गेल्या महिन्यात दोनदा न्हाणीघरात पडलो. मला घरात असून ठाऊक नव्हतं. उभं राहिल्यावर बीपी उतरतं का ते बघायला तिने ते आधी झोपवून, मग उभं करून मोजलं आणि एक गोळी कमी केली.

केसपेपरचा फोटो मुलाला पाठवलाय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला तो रविवारी येतोय.