ब्राउझरमधलं बिलिंग खऱ्या सॉफ्टवेअरसारखं चालेल का?

केळीवाला_सावदा: आमच्या आडतीवर नवीन बिलिंग घेतलंय, दिसायला एकदम डेस्कटॉपचं, वर फाईल-एडिट मेनू बिनू सगळं, पण आहे क्रोममध्ये. काल काकांनी सवयीने एफ५ दाबलं आन् अख्ख्या गाडीचं वजन टाकलेलं गायब, राईट क्लिक केलं तर ब्राउझरचाच मेनू येतो. हे इन्स्टॉल करता येतं का?

भरीत_भाकरी: येतं ना भाऊ, ॲड्रेस बारच्या उजवीकडे इन्स्टॉलचं चिन्ह दिसतंय का बघ. वेगळी खिडकी, टास्कबारला आयकॉन. पण आत क्रोमच, एफ५ तिथंही रिफ्रेशच करणार.

केळीवाला_सावदा: मंग नेट गेलं तर? आमच्याकडे लाईटसोबत तेबी जातं

तापीकाठ: बनवणाऱ्याने सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही पान उघडून देणारा ब्राउझरमधला छोटा प्रोग्राम) लिहिला असेल तरच उघडेल, वायफाय बंद करून एकदा उघडून बघ, लगेच कळतं. अजून एक, ऑफलाईन डेटा बहुतेक ब्राउझरच्याच इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरने तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवलेला साठा) राहतो, कोणी हुशारी करून कुकीज आणि साइट डेटा साफ केला की तोही गेला. बिल सर्व्हरवर चढलं का ते आधी विचार त्यांना. फोटोपी ही फोटो एडिट करायची वेबसाइट बघ, फोटोशॉपसारखं सगळं ब्राउझरात, म्हणजे जमतं, करणारा पाहिजे.

केळीवाला_सावदा: वायफाय बंद करून उघडलं, क्रोमचा नेट नसल्याचा डायनासोर आला 😄