मदत हवी आहे: ब्रेक कूलिंग डक्टच्या पाइपचं टोक नेमकं कुठे सोडायचं?

तिसरा_गिअर
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. पुढच्या दोन्ही ब्रेकना हवेचे डक्ट बसवतोय. तीन इंची पाइप आणलाय, बंपर कापून हवा घ्यायची तोंडं बसवून झाली. आता पाइपच्या दुसऱ्या टोकावर अडलोय. कॅलिपरवर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर, रोखायचं की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर? रविवारी ट्रॅक डे आहे, गाडी स्टँडवर उभी आहे, चाकं काढलेली आहेत. डक्ट हवेत की नकोत ही चर्चा कृपया नको, टोक कुठे तेवढं सांगा.

पिटलेन_पाटील
गाडी कोणती? डिस्क पोकळ की भरीव? पॅड कोणते? ब्रेक ऑइल कधी बदललं? आणि त्रास नक्की काय होतोय ते लिहिलंच नाहीत. पेडल मऊ पडून खाली जातं, की कडक राहतं पण गाडी थांबत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत.

तिसरा_गिअर
माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, १.८ लिटर. पुढच्या डिस्क पोकळ, मागच्या भरीव. पॅड बाजारात मिळतात ते चांगले. चौथ्या लॅपला पेडल खाली जातं. पण माझा प्रश्न टोकाचा आहे.

हळू_चालव
दादा, तुमचा प्रश्न ब्रेक ऑइलचा आहे, हवेचा नाही. पेडल खाली जातं म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा दर्जा, त्याच्या मानकात कोरड्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५. हे ऑइल हवेतली वाफ ओढतच राहतं. वर्षभर जुनं असेल तर डक्टने काय होणार? आधी ताजं ऑइल भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढा.

रबर_आणि_रस्ता
डॉट ५ भरा, विषय संपला. ते पाणी शोषतच नाही.

हळू_चालव
कृपया असा सल्ला देऊ नका, कुणीतरी खरंच भरेल. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही, पेडल स्पंजासारखं लागतं आणि एबीएस असलेल्या गाडीत ते वापरत नाहीत. डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट. ते डॉट ४ च्याच जातीचं आहे, कोरडं किमान २६० आणि ओलं किमान १८०.

रबर_आणि_रस्ता
माझ्या जुन्या गाडीत डॉट ५ सहा वर्षं होतं, काही झालं नाही.

हळू_चालव
ती गाडी ट्रॅकवर चालवत होतात का?

रबर_आणि_रस्ता
नाही, पण ब्रेक ते ब्रेकच.

वेल्डर_आप्पा
मूळ प्रश्नाला उत्तर देतो. टोक कॅलिपरवर नाही आणि डिस्कच्या तोंडावरही नाही. ते डिस्कच्या मध्यभागी, हबच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) भोवती सोडायचं.

कारण असं. पोकळ डिस्क म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये पाती. फिरताना ती पंख्यासारखी मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. तुमचा पाइप त्या ओढीच्या तोंडाशी हवा पुरवतो, म्हणजे दोन्ही चकत्या आतून सारख्या गार होतात. पाइप नुसता आतल्या चकतीवर रोखलात तर ती गार आणि बाहेरची तापलेली. मग डिस्क बशीसारखी वाकते, तडे लवकर जातात. कॅलिपरवर गार हवा मारून डिस्कमधली उष्णता जात नाही, आणि उष्णता डिस्कमध्येच जमते.

करायचं काय? डिस्कमागे धूळ अडवणारा जो पत्रा आहे तो काढा. त्याच बोल्टवर बसेल असा २ मिमी ॲल्युमिनियमचा गोल पत्रा कापा आणि त्याला पाइप चढेल असं तीन इंची नळकांडं जोडा. नळकांड्याचं तोंड डिस्कच्या डोळ्यावर, म्हणजे मधल्या भोकावर यायला हवं. पत्रा आणि डिस्क यांत ३-४ मिमी अंतर ठेवा. पत्र्याचं काम हवेला बाजूने पळू न देणं. उघडं टोक टाय मारून बांधलं तर निम्मी हवा चाकाच्या खळग्यात वाया जाते.

एक गोष्ट आधी बघा: डिस्कच्या फटी आतल्या बाजूने उघड्या आहेत ना? काही डिस्क बाहेरच्या बाजूने हवा ओढतात, तिथे हा पत्रा उपयोगाचा नाही. बोट घालून बघा, दिसेलच.

तिसरा_गिअर
आप्पा, हेच हवं होतं! फटी आतूनच उघड्या आहेत. पण हबजवळ एबीएसच्या सेन्सरची वायर जाते, नळकांडं तिथेच येतंय.

वेल्डर_आप्पा
मग नळकांडं गोल ठेवू नका, वायरच्या बाजूला दाबून लंबगोल करा, छेदाचं क्षेत्रफळ फारसं कमी न होऊ देता. वायरला उष्णतारोधक वेष्टण घाला आणि मूळ क्लिपमध्येच ठेवा. मोकळी सोडलीत तर चाक वळवताना ओढून तुटेल.

गोल_गोल_फिरे
तीन इंचाचा हट्ट कशाला? दोन इंची पाइप कुठूनही सहज जातो.

वेल्डर_आप्पा
दोन इंची पाइपचा छेद सुमारे २० चौरस सेंमी, तीन इंचीचा सुमारे ४५. सव्वादोन पट. शिवाय बारीक पाइपात वळणावर रोध जास्त. जागा असेल तर तीनच.

पिटलेन_पाटील
एक विचारतो. साध्या १.८ एमएक्स-५ मध्ये चौथ्या लॅपला पेडल जात नाही हो. गाडी हलकी आहे. आणखी काय काय बदललंय?

तिसरा_गिअर
टर्बो आहे. मागच्या हिवाळ्यात बसवला. रोल केज आहे, चिकट टायर आहेत. धाग्यात ‘मॉडिफाइड’ हा टॅग लावलाय की.

पिटलेन_पाटील
अहो, हीच तर मुख्य गोष्ट! आता आकडे घालून बघू. माणसासकट गाडी १२०० किलो धरू. टर्बोआधी सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १५० गाठत असाल, आता १८०. वळणासाठी ७२ वर यायचंय. १५० वरून उतरताना ब्रेकना सुमारे ०.८ मेगाजूल ऊर्जा गिळावी लागते, १८० वरून १.२६. वेग वाढला वीस टक्के, उष्णता वाढली पन्नास टक्क्यांहून जास्त, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यातला ७० टक्के भार पुढे जातो असं धरलं तर एका पुढच्या डिस्कवर ०.४४ मेगाजूल. डिस्क ५ किलोची धरली तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सुमारे पावणेदोनशे अंशांनी चढतं. पुढचं वळण येईपर्यंत तेवढंच खाली यायला हवं. येत नाही म्हणून प्रत्येक लॅपला थोडं थोडं साचत जातं आणि चौथ्या लॅपला ऑइल उकळतं.

म्हणून डक्ट हवेतच. पण ‘बाजारात मिळतात ते चांगले’ पॅड चालणार नाहीत. जुने काढून बघा, पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय का, आणि एका टोकाला जास्त झिजलेत का.

तिसरा_गिअर
काढले. आतला पॅड चकाकतोय आणि पुढच्या कडेला साधारण २ मिमी जास्त झिजलाय. बाहेरचा ठीक आहे.

पिटलेन_पाटील
कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकत असतील. त्या काढून साफ करा, उष्णता सोसणारं ग्रीस लावा. पॅड ट्रॅकचे घ्या आणि आधी नीट बसवून घ्या: मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा हळूहळू जोर वाढवत ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, मग गार होऊ द्यायचं.

मोठा_विचार
एवढी कसरत कशासाठी? मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर लावा. जड डिस्क म्हणजे जास्त उष्णता मावते. मी लावलेत, कधी त्रास नाही.

वेल्डर_आप्पा
मावते जास्त, पण जाते कुठे? हवा नसेल तर मोठी डिस्कही तापणार, फक्त चौथ्याऐवजी सातव्या लॅपला. शिवाय पुढे पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो आणि चाकाच्या आत जागा लागते. हवा आधी, मोठ्या डिस्क नंतर.

मोठा_विचार
तोल बघूनच संच बनवतात, सरसकट बिघडतो म्हणू नका. आणि वजनदार डिस्कने माझे लॅप सुधारलेत, हा अनुभव आहे.

गोल_गोल_फिरे
माझं ऐका, पाइपच नको. पोर्शच्या ९११ जीटी३ ला सस्पेंशनच्या खालच्या आर्मवर चिकटणारी प्लास्टिकची पाती असतात, ती गाडीखालून येणारी हवा ब्रेककडे वळवतात. लोक ती इतर गाड्यांनाही लावतात. पाइप घासण्याचा प्रश्नच नाही.

वेल्डर_आप्पा
ती चांगलीच आहेत, पण ती हवा डिस्कच्या डोळ्यात नेमकी जात नाही. आणि यांनी बंपर आधीच कापलाय.

इंटरकूलर_इनामदार
थांबा जरा. हवेचं तोंड बंपरच्या मधल्या जाळीत कापलंय का? टर्बो आहे म्हणजे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा) तिथेच असणार. ब्रेक वाचवताना इंजिन तापवाल.

तिसरा_गिअर
नाही, दोन्ही बाजूंना, फॉग लॅम्पच्या जागी.

इंटरकूलर_इनामदार
मग उत्तम. तिथे दाब चांगला असतो. ताशी १८० ला समोरून येणाऱ्या हवेचा दाब जवळपास १५०० पास्कल, पण ९० ला त्याचा चौथा भाग. सगळी संथ वळणं असलेल्या ट्रॅकवर डक्टकडून फार अपेक्षा ठेवू नका.

जुनं_ते_सोनं
अवांतर: १९५३ ची ल मांची २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली. त्या काळी बाकीच्यांचे ड्रम ब्रेक तापून निकामी व्हायचे. १९५५ ला मर्सिडीजच्या ३०० एसएलआरला ड्रमच होते, म्हणून त्यांनी ल मांला चालकाच्या मागे उघडणारा मोठा पत्रा लावला, हवेने गाडी थोपवायला! उष्णतेची ही लढाई तेव्हापासूनची आहे.

टायर_तात्या
मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवता? गरम झाल्यावर मोजा, थंड असताना नाही.

तिसरा_गिअर
तात्या, टायरचं नंतर बघू. आप्पा, नळकांड्यासकट पत्रे तयार झाले. पाइप कसा न्यावा? स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाइपला लागतोय.

वेल्डर_आप्पा
शाबास. पाइप काचतंतूवर सिलिकॉन चढवलेला, आत तारेचं वेटोळं असलेला हवा. साधा प्लास्टिकचा डिस्कजवळ टिकत नाही. वरून न नेता आर्मच्या पुढून आणा, आणि थोडा सैल ठेवा कारण सस्पेंशन खाली लटकल्यावर ताणतो. स्प्रिंग काढून चाक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पूर्ण फिरवा. नळकांड्यावर स्टीलची क्लिप घट्ट, मधे रुंद पट्टा सैल.

आणि डिस्कच्या कडेला उष्णतेचे रंग लावा. हिरवा ४३० अंशांना पांढरा होतो, केशरी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. त्याशिवाय डक्ट काम करतोय की नाही हे कळणार नाही.

तिसरा_गिअर
आज ट्रॅकवरच आहे. नवीन ऑइल, ट्रॅकचे पॅड, साफ केलेल्या पिना, डक्ट. पहिल्या सत्रात आठ लॅप, पेडल शेवटपर्यंत घट्ट. खूप खूप आभार! पण रंगांची गंमत बघा: डावीकडे फक्त हिरवा पांढरा झाला, केशरी जसाच्या तसा. उजवीकडे केशरीही पिवळा पडला. डिस्क नवीन, दोन्ही सारख्याच.

हळू_चालव
ट्रॅक कोणत्या दिशेने होता? बाहेरच्या बाजूच्या चाकावर भार जास्त येतो.

वेल्डर_आप्पा
तेवढ्याने एवढा फरक पडायचा नाही. उजवा पाइप चाचपून बघा. कुठेतरी दाबला गेलाय.

तिसरा_गिअर
आप्पा, अगदी बरोबर. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकमागे पट्टा इतका आवळला होता की पाइप चपटा होऊन जेमतेम बोटभर फट उरली होती. वर एका जागी टायर घासून सिलिकॉन निघालंय, आतले काचेचे पांढरे धागे दिसतायत. तो तुकडा कापून टाकला, पाइप २० मिमी पुढे घेतला, रुंद पट्टा सैल बांधला. दुपारच्या सत्राआधी ताजे रंग लावले: आता दोन्हीकडे फक्त हिरवा पांढरा.

पिटलेन_पाटील
झकास. सत्र संपलं की एक लॅप ब्रेक न वापरता हळू मारा आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, पॅड गरम डिस्कला चिकटतो. घरी जाताना, विशेषतः पावसात, डक्टच्या तोंडांवर टेप लावा. ट्रॅकचे पॅड गार असताना धरत नाहीत आणि आत पाणी, खडे जातात.

तिसरा_गिअर
टेप लावलीय. उद्या चाकं काढून डिस्कच्या फटींच्या कडा तड्यांसाठी तपासतो, फोटो टाकतो. तात्या, मागच्या टायरमध्ये गरम असताना किती ठेवू?