पुण्यात बिऱ्हाड हलवायचंय: घर ऑफिसजवळ घ्यावं की आईच्या सोयीनं?

मांजराकाठ (६ एप्रिल २०२५)

नमस्कार मंडळी. लातूर सोडून पुण्याला येतोय. मी, बायको, पाचवीत जाणारी मुलगी आणि सत्तरीची आई. माझी कंपनी हिंजवडी फेज २ ला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागणार. भाडं तीस हजारांच्या वर झेपणार नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सामान पोचायला हवं.

ऑफिसातले सगळे एका सुरात सांगतात, वाकडला घ्या, लगेच कंपनीत पोचाल. मला ते पटत नाही. जो बाहेर जातो त्याच्या सोयीनं घर बघू नये, जो दिवसभर घरात असतो त्याच्या सोयीनं बघावं, असं माझं मत आहे. मी तीन दिवस जाणार-येणार. आई सातही दिवस तिथंच. तिचे गुडघे दुखतात, रिक्षा कोपऱ्यावर मिळायला हवी. देऊळ, दवाखाना, भाजी जवळ हवी आणि बोलायला मराठी माणूस हवा. म्हणून मी कोथरूड-कर्वेनगर धरून बसलोय.

आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या घरात तो उन्हाळा अजून संपलेला नाही. आई आजही भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतते आणि रात्री झोपण्याआधी न्हाणीतल्या पिंपात हात घालून पाणी कुठवर आहे ते बघते. अशा बाईला टँकरच्या सोसायटीत नेऊन ठेवायला माझं मन होत नाही.

माझं चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

बायपासवाला

चुकतंय. हीच चूक मी नऊ वर्षं केली म्हणून लिहितोय.

घर कोथरूडच्या मयूर कॉलनीत, ऑफिस हिंजवडीत. सकाळी साडेसातला बाहेर पडायचो. चांदणी चौक, बायपास, सूस, बालेवाडी, मुळा नदीवरचा पूल, वाकड, आणि मग शिवाजी चौकापर्यंतचा तो शेवटचा तुकडा, ज्याला पावसात चाळीस-चाळीस मिनिटं लागली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातले नवे पूल सुरू झाले तेव्हा वाटलं, सुटलो. चौक सुटला खरा, पण तिथं वाचलेला वेळ वाकडच्या पुलाखाली जायला लागला. घरी यायला साडेआठ-नऊ.

मुलगा चौथीत असताना बुद्धिबळ शिकला. मी यायच्या आत तो झोपलेला असायचा. मग त्यानं पट कपाटावर मांडून ठेवायला सुरुवात केली. सकाळी उठून तो एक चाल खेळायचा, रात्री आल्यावर मी एक. एक डाव सव्वा महिना चालला. पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली की त्यांना फार गोड वाटते. मला त्यात गोड काही दिसत नाही. आता तो बारावीत आहे आणि माझ्याशी कामापुरतं बोलतो.

तुम्ही म्हणता, दिवसभर घरात असतो त्याची सोय बघा. घरात असणाऱ्याला तुम्हीही हवे असता, ते कुठं धरलंत? आणि तीन दिवसांवर विसंबू नका. मॅनेजर बदलला की तीनाचे पाच होतात. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोवरही नको. २३ किलोमीटरचा मार्ग, भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं, आज एप्रिल २०२५ आहे आणि अजून एकही माणूस त्यात बसलेला नाही.

डहाणूकर_कॉलनी

बायपासवाल्यांचं दुःख खरं आहे, पण त्यावर वाकड हा उपाय नाही. मी इथंच, कोथरूडला वाढलो. माझी आई ७४ वर्षांची आहे. सकाळी गिरणीत दळण टाकते, येताना भाजी घेते, संध्याकाळी देवळात. तिला कुणाला सोबत न्यावं लागत नाही. गेल्या वर्षी तिला चक्कर आली तेव्हा मी हिंजवडीतच होतो. गिरणीवाल्यानं तिला बसवलं, लिंबूपाणी दिलं, आमच्या डॉक्टरांना आणलं आणि मग मला फोन केला. ही ओळख अकरा मजल्यांच्या टॉवरमध्ये, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही करून मिळत नाही.

वनाजहून मेट्रो सरळ रामवाडीपर्यंत जाते, मधेच उतरून शिवाजीनगर, स्टेशन, सगळं गाठता येतं. पाणी खडकवासला धरणाचं, नळाला, रोज. एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असतं तेवढंच. मांजराकाठ, तुमचा विचार बरोबर आहे, ढळू नका.

गच्चीतली_तुळस

मी वाकडला कस्पटे वस्तीत राहते, आधी जळगाव. सोसायटीच्या कमिटीत चार वर्षं पाण्याचा हिशोब माझ्याकडे होता, म्हणून आधी वाईट ते सांगते.

वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड येतं. तेव्हा तात्पुरतं म्हणाले होते. मार्च उजाडला की आमच्याकडे टँकर सुरू. घर बघायला याल तेव्हा एजंट मॉड्युलर किचन दाखवेल. ते राहू द्या. ऑफिसात जाऊन गेल्या मे महिन्यातलं टँकरचं बिल बघायला मागा. बिल दाखवायला का-कू केली तर तिथूनच मागे फिरा. टाकी किती लिटरची, बोअर चालू आहे का, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हे तिथंच विचारा.

आता दुसरी बाजू. कोथरूडला ओळख आहे म्हणता, पण ती तुमची आहे, चाळीस वर्षांची. नव्या माणसाला ती उद्या सकाळी मिळत नाही. आम्ही आधी तिकडेच घर शोधलं होतं. तीन ठिकाणी मालकांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" चौथ्या ठिकाणी, घरात मासे शिजवणार का. सासूबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. खाली आल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, इथं नको गं.

वाकडला आम्ही सगळेच उपरे. जळगाव, नांदेड, अमरावती, इंदूर. कुणीच कुणाला जुनं नाही, त्यामुळे दार वाजवायला संकोच वाटत नाही. सासूबाईंचं मंगळवारचं भजनी मंडळ दोन बायकांपासून सुरू झालं, आता तेवीस जणी आहेत.

आणि आईंना कुणी विचारलंय का, त्यांना कुठं राहायचंय ते?

डहाणूकर_कॉलनी

ताई, असे मालक आहेत, आणि मला त्याची लाज वाटते. पण सगळ्या वस्तीला त्यात धरू नका. आमच्याच इमारतीत उदगीरचं एक कुटुंब सहा वर्षं भाड्यानं आहे.

अकरा_महिने

भाडेकराराची कामं करतो, दोन्हीकडची. एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही.

कोथरूड-कर्वेनगरला तीस हजारांत जे टू बीएचके मिळतं ते बहुतेक ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारतीत असतं. लिफ्ट नाही. आईंचे गुडघे दुखतात म्हणता, मग तळमजला किंवा पहिला मजला सोडून काही बघूच नका. आणि ह्याच इमारती आज पुनर्विकासाला चालल्या आहेत. बिल्डरशी करार झाला की मालक भाडेकरूला सांगतो, दोन महिन्यांत खाली करा. मुलगी नुकती शाळेत रुळलेली असते. म्हणून मालकाला आधी विचारा, सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झालाय का. खालच्या किराणा दुकानदारालाही विचारा, त्याला नक्की माहीत असतं.

करार नोंदणीकृतच करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी पुरे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. बुद्धिबळाचं वाचून फोन खाली ठेवला आणि मुलीजवळ जाऊन बसलो. तरी माझं मत बदललेलं नाही. वाहतुकीचा त्रास मला होणार, तो मी सोसेन. आईनं या वयात नव्यानं माणसं जोडायची, आणि वर टँकरची वाट बघायची, हे जास्त अवघड आहे.

एका एजंटनं धायरीत बावीस हजारांत मोठं घर सांगितलंय. कुणाला माहिती?

खडकवासला_रोड

धायरी स्वस्त का आहे तेही एजंटला विचारा. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, शेजारची नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ ला. कर महापालिकेचा लागू झाला, नळ आणि ड्रेनेज मागून चालत येतायत. याच जानेवारीत आमच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या आजाराचे रुग्ण निघाले आणि बोट दूषित पाण्याकडे, गावच्या विहिरीकडे गेलं. मी तीन महिने पाणी उकळून पितोय. नदीच्या बाजूचं घर तर मुळीच नको. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजल्यात शिरलं. माझ्या मित्राची सगळी कागदपत्रं अजून गच्चीवर वाळत घातल्यासारखी फुगलेली आहेत.

पुण्यात कुठलंही घर घेण्याआधी शेजाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा: नळाचं पाणी कुठून येतं, आणि मागच्या जुलैत पाणी कुठपर्यंत चढलं होतं.

गच्चीतली_तुळस

मांजराकाठ, तुमच्या पहिल्या लिखाणात आई आहे, मुलगी आहे, ऑफिस आहे, धरणसुद्धा आहे. बायको फक्त मोजणीला आहे. त्या काय करतात?

मांजराकाठ (२१ एप्रिल)

मी ह्यांची बायको लिहितेय, ह्यांच्याच खात्यावरून. धागा सगळा वाचला. तुळसताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बी.एड. आहे, लातूरच्या मराठी शाळेत अकरा वर्षं गणित शिकवते. पुण्यात आल्यावर बघू, असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन तीन दिवस येऊन गेलो. वाकडला ह्यांनी मुद्दाम टँकर येतो तेव्हाच नेलं, त्यांना कळावं म्हणून. सासूबाई टँकरच्या पाइपाजवळ उभ्या राहून बघत होत्या. ह्यांनी विचारलं, बघितलंस का? त्या म्हणाल्या, "मग काय झालं? इथं रोज येतोय की. आपल्याकडं सोळा साली रोज कुठं यायचा?" मग बाकावर अहमदपूरची एक बाई भेटली आणि दोघी तासभर उठल्या नाहीत. परत निघताना त्या म्हणाल्या, हेच घे.

कोथरूडला दुसऱ्या मजल्यावरचं घर होतं. प्रत्येक वळणावर थांबत, कठडा धरून चढल्या. वर मालकीणबाईंनी पाणी दिलं, आणि आडनावही विचारलं. कर्वेनगरला तळमजल्याचं एक मिळालं, एकोणतीस हजार. सकाळी नळ सोडून बघितला, चांगली धार होती. किराणा दुकानात विचारलं, ठराव अजून झालेला नाही. सासूबाई म्हणाल्या, इथं दुपारी लई शांत हाय. त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं होतं.

ह्यांनी आईसाठी कोथरूड धरलं होतं आणि आईंना वाकड हवंय. मला कर्वेनगर हवंय, आणि ते माझ्यासाठी हवंय. दोन दिवसांत मी तिथं चालत चार शाळांत अर्ज देऊन आले. एका शाळेनं नमुना पाठासाठी बोलावलंय. वाकडलाही शाळा आहेत, पण मी बघितल्या त्या सगळ्या इंग्रजी माध्यमाच्या, आणि मला शिकवायचंय मराठीतून. सकाळी मुलीला सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला, गॅस आला की दार उघडायला, घरात मीच असणार. मग ते घर माझ्या पायांना झेपेल असं हवं.

काल रात्री सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "तुला नोकरी लागली की दुपारी मी एकटी. तेवढं बघ." त्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. टोकन मात्र दिलंय, कर्वेनगरच्या घराला.

डहाणूकर_कॉलनी

वहिनी, सामान आलं की कळवा. माझी आई रोज चार वाजता निघते, बाकीच्या मैत्रिणींना घेत बागेत जाते. आईंना घ्यायला ती दारात येईल. मी तिला आजच सांगतो.

बायपासवाला

मला अजूनही पटलेलं नाही, पण टोकन दिलंय तर एवढं करा. कंपनीच्या बसची थांब्यांची यादी आजच मागवून घ्या. बस कर्वे पुतळ्याला थांबते की थेट पौड फाट्याला, यावर सकाळची वीस मिनिटं ठरतात. आणि परतीची पहिली बस किती वाजता सुटते ते ह्यांनी पहिल्याच दिवशी टीमला सांगून ठेवावं, त्यानंतर मीटिंग घेणार नाही म्हणून. मी नऊ वर्षांत ते एकदाही सांगितलं नाही. पहिली चुकली की पुढची आमच्याकडे आठची होती.