कॉम्बी बॉयलर: रेडिएटर कडक तापतात पण नळाला पाणी कधी गरम कधी कोमट. बॉयलर बदलायलाच हवा का?

स्लाउवाली
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो, स्वतःचं टेरेस्ड घर आहे. किचनच्या कपाटात ३० किलोवॅटचा कॉम्बी आहे (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा एकच बॉयलर), घर घेतलं तेव्हाचाच, म्हणजे जुना आहे. गेल्या महिन्यापासून गरम पाण्याचं काही खरं नाही. एखाद्या दिवशी छान कडक येतं आणि दुसऱ्या दिवशी कितीही वेळ नळ सोडून ठेवा, कोमटच. किचनला पण आणि वर बाथरूमला पण. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, त्यांना शॉवर जमत नाही, बादली लागते, आणि या थंडीत सत्तरीच्या माणसांनी कोमट पाण्याने आंघोळ कशी करायची? मग मी खाली किटलीत पाणी उकळून वर नेऊन बादलीत ओतते, घरात लहान मूल असताना जिन्यावरून उकळतं पाणी नेताना जीव मुठीत असतो. हीटिंग एकदम व्यवस्थित, प्रेशर १.३ बार, एरर कोड काही नाही, गरम पाण्याचं सेटिंग ५५. एक जण बघून गेला, त्याने पाच मिनिटांत सांगितलं की बॉयलर म्हातारा झालाय, नवीन बसवा. खर्च ऐकून झोप उडालीये. कोणाला असा अनुभव आहे का?

रेडिंगकर
ताई आमच्याकडे प्लेट हीट एक्स्चेंजर (बॉयलरमधला नळाचं पाणी तापवणारा भाग) चुन्याने भरला होता. तुमच्या आमच्या भागात पाणी किती हार्ड आहे ते किटलीचा तळ बघितला की कळतंच. प्लेट बदलली आणि पाणी ठणठणीत यायला लागलं. नवीन बॉयलरची घाई करू नका.

पाइपवाला_लेस्टर
मी गॅस सेफ रजिस्टर्ड (इथली गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) आहे, हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्लेट असू शकते, पण चुना भरला की त्रास रोजचा असतो आणि हळूहळू वाढत जातो, एक दिवस बरा एक दिवस वाईट असं सहसा होत नाही, त्यामुळे मला अजून नक्की वाटत नाही. हीटिंग चालतंय म्हणजे गॅस, पंप, फॅन, बर्नर बऱ्यापैकी ठीक आहेत. उरतं ते फक्त गरम पाण्याच्या वाटेवरचं: डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता रेडिएटरकडे की नळाच्या पाण्याकडे वळवणारा), प्लेट, फ्लो सेन्सर (पाणी वाहतंय का ते बघणारा), तापमानाचा सेन्सर, आणि बॉयलरच्या बाहेरची पाइपलाइन. ही शेवटची गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

पाणी कोमट येत असेल तेव्हाच खालचं करून बघा, चांगलं येत असताना करून उपयोग नाही.

आधी हीटिंग थर्मोस्टॅटवरून बंद करा आणि किचनचा गरम नळ पाच मिनिटं चालू ठेवा. रेडिएटर तापायला लागले तर डायव्हर्टर नीट बसत नाहीये, उष्णता तिकडे पळतेय.

मग नळ अर्धा करा. ३० किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो. जानेवारीत मेनचं पाणी ५ अंशावर असेल तर ४० मिळतं, पण नळ सताड सोडून १५ लिटर घेतलं तर ३३-३४ च्या वर जाणार नाही, आणि तो बॉयलरचा दोष नाही. बादली आहेच घरात, मिनिटभर भरून मोजा. धार कमी केल्यावर पाणी गरम झालं तर एवढंच कारण.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बॉयलरखाली पाच पाइप असतात. त्यातल्या थंड पाण्याच्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किचनचा गरम नळ सोडा. पाइपमध्ये उरलेलं पाणी गेलं की धार थांबलीच पाहिजे. मधला पाइप बहुतेक वेळा गॅसचा असतो, त्याला हात लावू नका, मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते बघून मगच करा. आणि बॉयलरचं कव्हर अजिबात उघडायचं नाही, ते काम रजिस्टर्ड माणसाचंच, त्याचं कार्ड मागून बघायचं.

हाउन्स्लो_भाडेकरू
मध्येच विचारतो, माफ करा. भाड्याच्या घरात असं झालं तर खर्च कोणाचा? एजंट उडवाउडवी करतोय.

पाइपवाला_लेस्टर
घरमालकाचा. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ११ वाचा, हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं त्याची जबाबदारी आहे. फोनवर बोलू नका, ईमेल करा म्हणजे तारीख राहते. दर १२ महिन्यांनी गॅस सेफ्टी चेकही त्यानेच करून घ्यायचा असतो, त्याची कॉपी मागा.

स्लाउवाली
दादा आज सकाळी कोमट होतं तेव्हा सगळं केलं. रेडिएटर गार राहिले. धार कमी केली तर उलट पाणी आणखी गार झालं आणि बॉयलर विझल्याचा आवाज आला! बॉयलरमधून निघणाऱ्या गरम पाइपला हात लावला तर चटका बसत होता, तरी नळाला कोमटच. आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करूनसुद्धा गरम नळाला पाणी येतच राहिलं, थंडगार, थांबेचना. असं कसं?

पाइपवाला_लेस्टर
सापडलं. बॉयलर बदलू नका. बॉयलरमध्ये पाणी जातच नसताना गरम नळाला पाणी येतंय, म्हणजे घरात कुठेतरी थंड लाइन आणि गरम लाइन एकमेकींना जोडली गेलीये. बॉयलरमधून जाताना गरम पाण्याचं प्रेशर थोडं पडतं, थंड बाजूला जास्त असतं, त्यामुळे गरम नळ सोडला की थंड पाणी तिकडून घुसतं. बॉयलरमधून जाणारं पाणी त्यामुळे कमी होतं, ते जास्त तापतं म्हणून तुम्हाला पाइपला चटका बसला, आणि नळाशी येईपर्यंत त्यात थंड मिसळलेलं असतं. धार बारीक केली की बॉयलरला पेटायला लागतो तेवढा फ्लोच मिळत नाही. आता सांगा, अलीकडे नवीन शॉवर, मिक्सर काही बसवलंय का?

स्लाउवाली
हो, दिवाळीनंतर! सासूबाईंसाठी टॉयलेटजवळ जेट स्प्रे बसवून घेतला, कोमट पाणी यावं म्हणून छोट्या मिक्सरवरून. त्या स्प्रेचा खटका सोडतात पण मिक्सर चालूच राहतो, मिक्सर बंद करायचा असतो हे मी सांगितलंच नव्हतं.

पाइपवाला_लेस्टर
तेच कारण. मिक्सर चालू आणि पुढे खटका बंद, मग गरम-थंड दोन्ही पाणी मिक्सरमध्येच एकमेकांना भेटणार. ज्या दिवशी कोणी मिक्सर बंद केला त्या दिवशी तुम्हाला कडक पाणी मिळालं. खात्री करायची तर मिक्सरच्या खालचे दोन्ही आयसोलेटर (पाणी तोडायचे छोटे व्हॉल्व्ह) बंद करा आणि तिसरी टेस्ट परत करा.

स्लाउवाली
केली. धार थांबली!! व्हॉल्व्ह परत उघडला आणि पाणी एकदम कडक. सासरे आत्ताच आंघोळ करून आले, बादलीत वरून किटली लागली नाही. खूप खूप आभार दादा.

पाइपवाला_लेस्टर
छान वाटलं वाचून. सध्या आयसोलेटर बंदच ठेवा. प्लंबरला सांगून मिक्सरच्या दोन्ही इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारे) लावले की क्रॉस-फ्लो, म्हणजे थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसणं, थांबेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. टॉयलेटजवळचा हँडस्प्रे पाण्याच्या १९९९ च्या फिटिंग नियमांत कॅटेगरी ५ मध्ये येतो, म्हणजे सगळ्यात धोकादायक, कारण स्प्रे पॉटमध्ये पडलेला असताना मेनचं प्रेशर गेलं तर घाण पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं. साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याला पुरत नाही, एअर गॅप लागते, म्हणजे मेनची लाइन आणि स्प्रेचं पाणी यांच्यामध्ये हवेची मोकळी जागा.

रेडिंगकर
आमचा जेट स्प्रे फक्त थंड पाण्यावर आहे, थंड पाइपला टी (फाटा) टाकून घेतलाय. तो चालतो ना?

पाइपवाला_लेस्टर
क्रॉस-फ्लो होणार नाही, पण कॅटेगरी ५ तुम्हालाही लागू. तुमच्या वॉटर कंपनीला फोन करून विचारा, नाहीतर वॉटरसेफचा (मान्यताप्राप्त प्लंबरांची नोंदणी) प्लंबर बोलवा. तोपर्यंत वापर झाला की टी चा कॉक बंद करत जा आणि स्प्रे हुकवर टांगा, खाली लोंबू देऊ नका.