घरच्या कामासाठी रंधा: हाताचा घ्यावा की विजेचा?

सागरगोटा: नमस्कार मंडळी. गावचं घर उतरवलं, त्यातल्या जुन्या सागाच्या सात फळ्या पुण्याला आणल्यात. प्रत्येक ४ फूट लांब, ९ इंच रुंद, सव्वा इंच जाड. त्यातल्या दोन फळ्यांना चांगलाच पीळ पडलाय. पुस्तकांचं कपाट करायचंय. वर्कशॉप म्हणजे मागची बाल्कनी, आणि बरोबर तिच्याखाली दुपारी झोपणारे एक आजोबा. बजेट १० हजार. विजेचा ८२ मिमीचा रंधा त्यात बसतो. घेऊन टाकू का?

लाकूडतोड्या: थांबा. ८२ मिमी ही पात्याची रुंदी, म्हणजे सव्वातीन इंच. तुमच्या फळीवर तीन पट्टे मारावे लागतील, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक उंचवटा राहतोच. पावसाळ्यात फुगून अडकणारं दार असेल तर या यंत्रासारखं दुसरं काही नाही, दहा मिनिटांत काम. पण रुंद फळी सपाट करायला माझ्याकडून नको. शिवाय आवाज असा की आजोबा वर येतील.

जर्सीकर: मी इकडे गॅरेजात १३ इंची थिकनेस प्लेनर वापरतो. फळी एका बाजूने घाला, दुसरीकडून एकसारख्या जाडीची बाहेर. सुख! तुम्हाला तेच लागेल.

मेस्त्रीबुवा: जर्सीकर, पिळाचं काय? त्यातले रोलर फळीला दाबून सपाट करतात, पातं वरचं साल काढतं, आणि बाहेर आली की फळी पुन्हा पिळते. जाडी एकसारखी, पीळ जिथल्या तिथे.

जर्सीकर: मान्य, ते सांगायचं राहिलं. मी पिळलेली फळी प्लायवुडच्या तुकड्यावर ठेवतो, जिथे अधांतरी राहते तिथे पाचरी सारतो आणि प्लायसकट आत घालतो. वरची बाजू सपाट झाली की उलटवून दुसरी. पण हो, बाल्कनीत हे धूड ठेवणार कुठे? भुशाची पोतीच्या पोती निघतात ती वेगळीच.

मेस्त्रीबुवा: सागरगोटा, माझं ऐका. लोखंडी हातरंधा घ्या, पाच नंबरचा. लांबी १४ इंच, पातं २ इंच. चार नंबर साडेनऊ इंचाचा असतो, तो खड्ड्यात उतरतो नि खड्डाही गुळगुळीत करून देतो. लांब रंधा आधी उंचवटेच खातो.

पीळ बघायला फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, खाली वाकून एका डोळ्याने बघा. पट्ट्यांच्या कडा जुळत नाहीत तिथे कोपरा उंच. ते दोन उंच कोपरे पेन्सिलीने रेघोटून फक्त तेवढेच तिरपे रंधा. मग लांबीने. पेन्सिल गेली की थांबून पुन्हा बघा. एक बाजू सपाट झाली की फळी घेऊन भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, दुसरी बाजू मशीनवर जाडीला काढून आणा. नऊ इंची साग दोन्ही अंगांनी हाताने रंधायचा हट्ट मी एकदा केला होता. खांदा आठवडाभर बोलत होता.

आणि नवा रंधा डब्यातून काढून लगेच चालत नाही हो! पात्याला २५ अंशांचा उतार घासलेला असतो, धार आपण लावायची. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, पात्याची पाठ आधी सपाट करा, मग ३० अंशांना धार. हातावरचे केस निघाले की झालं. सागात वाळूसारखा अंश असतो, धार लवकर मरते, तेव्हा दर अर्ध्या तासाने दोन हात मारा. तळाला मेणबत्ती फिरवा. रेषे उचकटायला लागले तर फळीचं तोंड फिरवा.

मधुमालती: जुना साग आहे ना? आधी चुंबक फिरवा! आमच्या वाड्याच्या वाशात गंजलेला खिळा आतच तुटलेला, वर फक्त काळा डाग. माझ्या पात्याला तांदळाएवढा खळगा पडला. नवा रंधाच घ्यायला पाहिजे असंही नाही, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात बघा. तळाला चीर नाही ना, एवढं मात्र उलटं करून बघाच.

सागरगोटा: जुन्या बाजारातून पाच नंबर आणला. दोन दिवस गंज काढला, धार लावली. चुंबक फिरवून सहा खिळे सापडले. तिसऱ्या फळीवर ढलपी मस्त कुरळी निघत होती आणि खर्रकन आवाज. पितळी स्क्रू! डोकं तुटलेला.

मधुमालती: अरेरे. पितळेला चुंबक धरत नाही, हे सांगायला हवं होतं मी.

मेस्त्रीबुवा: खळगा केवढा? अर्ध्या मिलीमीटरच्या आत असेल तर पॉलिश पेपरवरच निघेल, ८० नंबरच्या खरखरीत कागदापासून सुरू करा.