प्रोग्रेसिव्ह चष्मा हेडसेटमध्ये आधी बघून घेतला, तर मागावर चालेल का?

वडगावचा मागवाला
नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला असतो, वय 51, घरचे चार यंत्रमाग, साड्या विणतो. दिवाळीपासून जवळचं दिसेना म्हणून डोळे तपासले. लांबचा नंबर दोन्हीकडं +1.00, जवळचा ऍड (वाचायला लांबच्या नंबरात घालायचा जादा नंबर) +2.00. शहरातल्या एका दुकानात प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा आणि खाली हळूहळू जवळचा नंबर होत जाणारा चष्मा करून घेतला. मोबाईल, पावतीपुस्तक, रस्ता, सगळं झकास दिसतंय. मागापुढं उभा राहिलो की मात्र हाल सुरू.

ताण्यातली (उभ्या सुतातली) तार तुटली की ती हुडकायची, फणीतनं (तारा वेगळ्या ठेवणाऱ्या कंगव्यातनं) ओढून घ्यायची आणि गाठ मारायची. टेपनं मोजलं, डोळ्यापासनं फणी 62 सेंटीमीटरवर येते. तिथं नीट दिसायचा पट्टा इतका चिंचोळा, की नजर जरा बाजूला गेली की एकाच्या दोन तारा दिसतात. त्यात जकार्डच्या (नक्षी काढणाऱ्या, मागावर बसवलेल्या यंत्राच्या) दोऱ्या डोक्यावर. मान वर करून बघायच्या, अंतर हातभर, पण नजरेपुढं येते चष्म्याची वरची, लांबची काच. मग चष्मा वर उचलून खालच्या काचेतनं बघावं लागतं. गाठ मारायला दोन हात लागतात हो, चष्मा धरायला तिसरा कुठनं आणू?

आता दुसऱ्या एका दुकानातला पोरगा म्हणतो, "मामा, हेडसेट घाला, नवीन लेन्समधनं कसं दिसेल ते आधीच दाखवतो." घालून बघितला. पुस्तक, कॉम्प्युटर, गाडी चालवणं, तिन्ही छान दिसलं. त्यात माग कुठाय? एकदा पैसे गेलेत. ह्या दाखवण्यावर किती भरवसा ठेवायचा, कुणाला अनुभव असेल तर सांगा की.

निपाणीची ऑप्टोमेट्रिस्ट
काका, अंतर टेपनं मोजलंत हे फार चांगलं केलंत. आमच्याकडं येणारी दहातली नऊ माणसं "जवळचं दिसत नाही" एवढंच सांगतात.

हेडसेटच्या आत पडदा असतो आणि त्यापुढं भिंग. चित्रात वस्तू जवळ दाखवा नाहीतर लांब, डोळ्याला ती एकाच ठरलेल्या अंतरावर फोकस करायची असते. त्यामुळं 62 सेंटीमीटरवर तुमचा स्वतःचा डोळा किती जोर लावतो, हे त्यात कळत नाही. दिसणारा धुरकटपणा कॉम्प्युटरनं लेन्सच्या आराखड्यावरून काढलेला असतो. दोन लेन्समध्ये कुणाचा स्वच्छ पट्टा रुंद, काठाला सरळ रेघा कितपत वाकतात, हे ताडून बघायला तो खरंच उपयोगी आहे. तेवढंच काम त्याच्याकडून घ्या.

दुकानात तीन गोष्टी विचारा. आत तुमचा नंबर घातलाय की नमुन्याचा? तुमच्या फ्रेमची मापं घातलीत का, म्हणजे दोन्ही बुबुळांतलं अंतर, बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंतची उंची, फ्रेमचा कल? आणि हेडसेट डोळ्याची हालचाल टिपतो की नुसती मानेची? प्रोग्रेसिव्हमध्ये मान स्थिर ठेवून नजर खाली न्यायची असते. नुसती मान टिपणारं यंत्र तो धूसर भाग मानेबरोबर फिरवतं, तुमची नजर मात्र भलतीकडंच असते.

तुमचा पट्टा चिंचोळा का, त्याचं गणित सांगते. 1963 साली मिंकविट्झ नावाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगानं वाढतो, त्याच्या दुप्पट वेगानं बाजूला सिलिंडरचा दोष (एका दिशेनं धूसर दिसणं) वाढतो. तुमचा +2.00 ऍड 14 मिलिमीटरमध्ये चढवला, तर मधल्या रेषेपासून 5 मिलिमीटर बाजूला साधारण 1.4 सिलिंडर येतो. तोच 18 मिलिमीटरमध्ये चढवला तर 1.1. दुप्पट तारा दिसण्याचं मूळ इथं आहे. फ्रेम बुटकी असली की नंबर घाईनं चढवावा लागतो. तुमची फ्रेम उभी किती आहे?

पण खरी अडचण वरच्या दोऱ्यांची आहे. वर बघून जवळचं दिसायला हवं, आणि प्रोग्रेसिव्ह बनते बरोबर उलट. पट्टा रुंद करून हे सुटायचं नाही. मागासाठी एकच नंबरचा वेगळा चष्मा करा. लांबच्या +1.00 मध्ये +1.25 ते +1.50 घालून, म्हणजे +2.25 किंवा +2.50. वर, खाली, बाजूला सगळीकडं सारखं दिसेल. तो घालून गाडीवर मात्र बसायचं नाही.

आणि ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासायच्या, काचा बदलता येणाऱ्या चौकटीत) काचा घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माग दुकानात नेता येत नाही, पण टेप आणि चार तारा नेता येतात.

टिळकवाडीचे निवृत्त गुरुजी
हेडसेटचं मला माहीत नाही, मोबाईलवर फ्रेम चेहऱ्यावर बसवून बघण्याचं सांगतो. पुण्याच्या मुलीनं तसं करून फ्रेम पाठवली. माप यावं म्हणून कपाळाला एटीएम कार्ड लावून फोटो काढायला सांगितला होता, कारण कार्डाची रुंदी ठरलेली, 85.6 मिलिमीटर. फोटोत फ्रेम शोभली. पण नाकावर टिकेना, वाचताना चार-पाच मिलिमीटर खाली घसरायची. प्रोग्रेसिव्हमध्ये तेवढं घसरलं की वाचायची काच डोळ्याखाली निघून जाते. नाकाच्या पॅड बदलून घेतल्या तेव्हा कुठं पेपर वाचता आला. मागवाले दादा, तुम्ही दिवसभर घामात काम करता, हे आधी बघा.

वडगावचा मागवाला
ताई, गुरुजी, तुमचे उपकार. फ्रेम मोजली, काच उभी फक्त 27 मिलिमीटर. पोरग्यानं "लेटेस्ट आहे" म्हणून दिलेली.

काल जुन्या फणीचा वीतभर तुकडा घेतला, त्यात काळ्या तारा भरल्या (काळं सूत डोळ्याला सगळ्यात अवघड) आणि पिशवीत घालून दुसऱ्या दुकानात गेलो. हेडसेट नको म्हटलं, ट्रायल फ्रेम द्या. पोरगा कानडी बोलणारा, पण एकदा कारण सांगितल्यावर मनापासनं लागला. 62 सेंटीमीटरवर फणी धरली, मग स्टुलावर चढून माझ्या डोक्यावर धरली. +2.50 मध्ये खालचं लख्ख, पण मागं ठेवलेला बीम (ताणा गुंडाळायचा रूळ) पुसट. +2.25 मध्ये तिन्ही दिसलं. मान वर करून, दोन्ही हातांनी, पहिल्या झटक्यात गाठ मारली. पोरगा म्हणाला, "मामा, हे मी पहिल्यांदाच बघितलं."

फ्रेम मोठी घेतली, कानामागं घट्ट बसणारी. सोमवारी मिळेल. मागावर आठवडाभर घालून बघतो आणि कळवतो.